खाडीकाठच्या जमीनमालकांनो, परवानगीतली प्रत्येक अट वाचा

तुमच्यातल्या अनेकांच्या घरी बांधकाम परवानगीचा किंवा घरदुरुस्तीच्या मंजुरीचा एखादा आदेश असेल. पहिल्या पानावर 'परवानगी देण्यात येत आहे' एवढं एक वाक्य, आणि मग 'खालील अटी व शर्तींच्या अधीन राहून' म्हणून दोन-तीन पानं अटींची. घरातली माणसं पहिलं वाक्य वाचून मोकळी होतात. अटींचं पान उघडलं जातं ते थेट जोत्याचं काम सुरू झाल्यावर, कुणीतरी तक्रार केली आणि तलाठी किंवा नगरपंचायतीचा माणूस दारात उभा राहिला की.

काही जण अटी वाचून घाबरतात आणि घराचा विचारच सोडून देतात. काही जण 'बघू पुढचं पुढे' म्हणत रेटून बांधतात. दोन्हींत नुकसान तुमचंच आहे. पहिल्यात कायद्याने दिलेला हक्क तुम्ही न वापरता सोडता, दुसऱ्यात घामाचा पैसा घातलेली भिंत कधीही पडू शकते. तिसरा मार्ग कायद्यानेच आखून दिला आहे. अट चुकीची वाटली तर तिला लेखी, कारणांसह आणि मुदतीत आव्हान द्यायचं. त्यासाठी काय करावं लागतं, ते सांगण्यासाठी हे आवाहन आहे.

आधी आपली जमीन कुठे संपते ते ठरवा

सगळ्या वादांचं मूळ इथे असतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे समुद्राचा, बंदराचा आणि खाडीचा भरतीरेषेखालचा तळ, तसंच नद्या-नाल्यांचे तळ, दुसऱ्या कुणाचा हक्क शाबित झाला नसेल तर सरकारचे. म्हणजे खाडीचं पाणी, तिचा तळ आणि तिच्यातून होणारी होड्यांची ये-जा तुमच्या मालकीची नाही. सातबाऱ्यावर सात पिढ्यांची नावं असली तरी नाही. ही गोष्ट मनाशी पक्की झाली की पुढचं भांडण सरळ होतं.

याची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. भरतीरेषेच्या वरची तुमची जमीन तुमची आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने देशातले १११ जलमार्ग 'राष्ट्रीय' ठरवले. त्यांत आपल्याकडच्या अंबा नदी, राजपुरी खाडी, रेवदंडा खाडी आणि कुंडलिका, बाणकोटची सावित्री, दाभोळ खाडी आणि वाशिष्ठी, जयगड खाडी आणि शास्त्री, वसई खाडी आणि उल्हास यांचे पट्टे आहेत. गोव्यातल्या मांडवी, जुवारी आणि शापोराही आहेत. हे नाव लागल्यावर काठावरच्या गावांत 'आता जमीन गेली' अशी हाकाटी झाली. तसं झालेलं नाही. केंद्राने नियंत्रण घेतलं ते नौकानयनासाठी आणि जलवाहतुकीसाठी. काठाची खासगी जमीन हवी असेल तर सरकारला भूसंपादनाच्या कायद्याने नोटीस काढावी लागेल आणि मोबदला द्यावा लागेल. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३००-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. मात्र तुम्हाला पाण्यात धक्का बांधायचा असेल, खांब रोवायचे असतील, तर तो विषय वेगळा. तिथे तुम्ही सार्वजनिक तळावर पाऊल ठेवता, आणि सागरी मंडळापासून जलमार्ग प्राधिकरणापर्यंत ज्यांना विचारावं लागेल त्यांना विचारायलाच हवं.

आदेश हातात आला की पेन्सिल घेऊन बसा

प्रत्येक अटीसमोर खूण करा. काही अटी कायद्यातलेच नियम पुन्हा सांगतात: सांडपाणी खाडीत सोडू नये, मंजूर नकाशाबाहेर बांधू नये. काही अटी मापाच्या असतात: भरतीरेषेपासून इतके मीटर सोडावे, जोतं इतकं उंच असावं. तिसऱ्या प्रकारच्या अटी तुमच्याकडून काहीतरी मागतात: जमिनीचा पट्टा सोडा, रस्ता द्या, हमीपत्र लिहून द्या, हक्क सोडल्याचं मान्य करा. या तिसऱ्या प्रकाराकडे डोळ्यांत तेल घालून बघा.

एका ओळखीच्या कुटुंबाचा आदेश मी वाचला होता. खाडीपासून हाकेच्या अंतरावर त्यांचं मातीच्या भिंतींचं जुनं घर. ते उतरवून त्याच जोत्यावर चिऱ्यांच्या भिंती उभ्या करायच्या होत्या. आदेशात शेवटच्या पानावर, पावसाळी पाण्याचा निचरा आणि कामगारांसाठी शौचालय या दोन अटींच्या मध्ये एक ओळ होती: किनाऱ्याकडे जाण्यासाठी २० मीटर रुंदीचा मार्ग सार्वजनिक वापरासाठी खुला ठेवावा. त्यांच्या वाड्याची रुंदीच जेमतेम तेवढी होती. अट पाळायची तर घरच उरत नव्हतं.

हा २० मीटरचा आकडा आला कुठून? सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत किनाऱ्यावरच्या हॉटेलांसाठी आणि रिसॉर्टसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. लोकांना किनाऱ्यावर जाता यावं म्हणून दोन हॉटेलांच्या मध्ये किमान २० मीटरची मोकळी जागा ठेवावी, असं तिथे म्हटलं आहे. नियम उत्तम आहे, पण तो रिसॉर्टसाठी. राहत्या घराच्या आदेशात तो बहुधा आधीच्या कुठल्या तरी आदेशाच्या मसुद्यातून उतरला होता. कुटुंबाने अधिसूचनेचं ते पान, जुन्या घराची घरपट्टी आणि मोजणीचा नकाशा जोडून अर्ज दिला. शुद्धिपत्रक निघालं आणि अट गेली. वकील लागला नाही, कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. लागलं ते एवढंच की कुणीतरी शेवटचं पान वाचलं.

प्रत्येक अटीला तीन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: ही अट घालण्याचा अधिकार कुठल्या कायद्याने दिला, आणि कारण काय दिलंय?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४५ प्रमाणे नियोजन प्राधिकरण परवानगी देऊ शकतं, नाकारू शकतं किंवा अटींसह देऊ शकतं. पण अट घालताना तिची कारणं आदेशात नमूद करावी लागतात. हा नियम फार कमी लोकांना माहीत असतो. 'प्रशासकीय कारणास्तव' किंवा 'पर्यावरणाच्या दृष्टीने' एवढ्या दोन शब्दांना कारण म्हणत नाहीत. आणि कारण आदेशातच असावं लागतं. मोहिंदर सिंग गिल विरुद्ध मुख्य निवडणूक आयुक्त या १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की वैधानिक अधिकाऱ्याचा आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासला जाईल, नंतर प्रतिज्ञापत्र करून नवी कारणं जोडता येणार नाहीत. कोर्टात तुमच्या बाजूने उभं राहणारं हे जुनं आणि भक्कम तत्त्व आहे.

दुसरा प्रश्न: माप बरोबर आहे का?

खाडीकाठची बहुतेक प्रकरणं इथे जिंकली किंवा हरली जातात. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत खाडीलगतचा पट्टा १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते, असा होता. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने १०० चे ५० केले. 'किंवा खाडीची रुंदी' हे शब्द कायम राहिले. तुमच्या घरासमोर खाडीचा फाटा ३० मीटर रुंद असेल तर पट्टा ३० मीटरचा. आदेशात सरसकट ५० लिहिलं असेल तर ते चूक आहे, आणि ती चूक टेपने मोजून दाखवता येते. नवी अधिसूचना लागू होते ती त्या भागाचा नवा किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावरच. तोवर २०११ चे नियम चालतात. म्हणून आदेशाच्या तारखेला तुमच्या भागाला कुठला आराखडा लागू होता, हे आधी शोधा.

भरतीचं पाणी नदीत किती आतवर धरायचं, याचंही माप ठरलेलं आहे. वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्याचा खारटपणा हजार भागांत पाच भाग असतो तिथवरच खाडीचा नियम चालतो. त्याच्या वरच्या अंगाला, जिथे मे महिन्यातही पाणी गोडं राहतं, तिथे सीआरझेडच्या नावाने अट घालता येत नाही. तिथे पूररेषेचे नियम लागू होतील, पण तो कायदा वेगळा आणि त्याची अपिलंही वेगळी.

खारभूमीवाल्यांसाठी यात एक मोठी गोष्ट आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधी बांधलेला बांध किंवा उघाडी असेल, तर भरतीरेषा त्या बांधापर्यंतच धरायची, असं अधिसूचना सांगते. रायगडातले खारबंदिस्तीचे कितीतरी बांध त्याहून जुने आहेत. बांध जुना असल्याचे पुरावे शोधा: गटबुकाचा नकाशा, खारभूमी खात्याची दुरुस्तीची नोंद, जुने फेरफार. मात्र त्याच तरतुदीत पुढे लिहिलंय की बांध फुटून किंवा झिरपून खारं पाणी आत आलं आणि कांदळवन वाढलं, तर ते क्षेत्र, कितीही लहान असलं तरी, अतिसंवेदनशीलच. बांधाचा फायदा सांगणारे पुढचं वाक्य सांगत नाहीत. तुम्ही दोन्ही वाचा.

तिसरा प्रश्न: अटीचा तुमच्या कामाशी संबंध काय, आणि ती कामाच्या मानाने बेताची आहे का?

या प्रश्नावर अमेरिकेत दोन गाजलेले खटले झाले. कॅलिफोर्नियात नोलन दांपत्याला समुद्रकाठचं लहान घर पाडून मोठं बांधायचं होतं. किनारा आयोगाने परवानगी दिली, पण घरासमोरच्या वाळूच्या पट्ट्यातून लोकांना जायला वाट द्या म्हणून अट घातली. कारण दिलं होतं ते मोठ्या घरामुळे रस्त्यावरून समुद्र दिसणार नाही असं. १९८७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विचारलं की वाळूतल्या वाटेने रस्त्यावरच्या माणसाला समुद्र कसा दिसणार? अट रद्द झाली. १९९४ मध्ये ऑरेगन राज्यातल्या टिगार्ड शहराने फॅनो ओढ्याकाठच्या डोलन यांच्याकडे दुकान वाढवण्याच्या बदल्यात पूरपट्ट्यातली जमीन आणि सायकलवाट मागितली. तिथे न्यायालयाने म्हटलं की मागणी आणि दुकान वाढल्याने पडणारा भार यांचं ढोबळ का होईना प्रमाण शहराने दाखवलं पाहिजे. हे निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. पण संबंध आणि प्रमाण हे दोन प्रश्न आपल्याकडेही मनमानीविरुद्धच्या युक्तिवादाचा गाभा आहेत. अर्जात ते साध्या मराठीत विचारा: माझ्या घरामुळे कुठला त्रास होतो, आणि या अटीने तो कसा कमी होतो?

ज्या अटींशी भांडू नये

कांदळवनाशी भांडू नका. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केलंय की कांदळवन सरकारी जमिनीत असो वा खासगी, क्षेत्र लहान असो वा मोठं, त्याची तोड चालणार नाही आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टा मोकळा राहिला पाहिजे. कांदळाची मुळं काठाची माती धरून ठेवतात, कोळंबी आणि माशांची पिल्लं तिथे वाढतात, उधाणाची लाट तिथे दमते. ते तोडून मिळवलेली चार गुंठे जागा पुढच्या मोठ्या उधाणात खाडीच परत घेते.

पूररेषेच्या अटीबाबतही घाई करू नका. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. रेषा आखताना चूक झाली असेल तर पातळीच्या मोजणीसह जरूर आक्षेप घ्या. पण २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी माणसाच्या उंचीच्या वर गेलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना जोतं उंच ठेवण्याच्या अटीचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

कोळी, भोई, गाबीत आणि खारवी बांधवांची पाण्याकडे जाणारी वहिवाटीची वाट अडवण्यासाठी हे कायदे वापरू नका. सुखाधिकार अधिनियम १८८२ रूढीने चालत आलेल्या हक्कांना मान्यता देतो, आणि होडी ओढायची वाट हा कुणी केलेला उपकार नाही. सरकारने तुमच्याकडून विनाकारण वाट मागणं चूक आहे. तितकंच चूक आहे शेजाऱ्याची जुनी वाट गडगा घालून बंद करणं.

हे मी पोटतिडकीने सांगतो, कारण 'कारण द्या' हे तत्त्व फक्त जमीनमालकाच्या कामाचं नाही. १९९४ मध्ये केंद्र सरकारने नद्या आणि खाड्यांलगतचा ना-विकास पट्टा १०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. पर्यावरणासाठी लढणाऱ्यांनी त्याला आव्हान दिलं, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. सरकारला पट्टा निम्मा करण्याचं पटणारं कारण दाखवता आलं नव्हतं. म्हणजे ज्या तत्त्वावर तुम्ही चुकीची अट काढून टाकायला सांगता, त्याच तत्त्वावर तेव्हा खाडीचा पट्टाही राखला गेला होता. ते तत्त्व दुबळं झालं तर घरही जाईल आणि खाडीही. म्हणून योग्य अट पाळणाऱ्या माणसालाच चुकीच्या अटीवर बोट ठेवण्याचं बळ असतं.

कुठे जायचं, किती दिवसांत

आदेशाच्या मथळ्यात किंवा संदर्भात अधिनियम आणि कलम लिहिलेलं असतं. अपील कुठे करायचं, ते त्यावरून ठरतं.

नगरपालिका, नगरपंचायत किंवा दुसऱ्या नियोजन प्राधिकरणाने कलम ४५ खाली परवानगी दिली असेल, तर त्याच अधिनियमाच्या कलम ४७ खाली राज्य शासनाकडे किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. परवानगी नाकारली तरच अपील, असा गैरसमज आहे. अटींसह परवानगी मिळाली तरीही अपील चालतं. मुदत आदेश कळवल्यापासून ४० दिवस.

महसूल अधिकाऱ्याने जमीन महसूल संहितेखाली आदेश दिला असेल तर कलम २४७ खाली वरच्या अधिकाऱ्याकडे अपील. आदेश जिल्हाधिकाऱ्यांच्या खालच्या अधिकाऱ्याचा असेल तर मुदत ६० दिवस, अन्यथा ९० दिवस. उशिराचं सबळ कारण असेल तर ते लेखी मांडता येतं.

पर्यावरण संरक्षण अधिनियमाच्या कलम ५ खाली निर्देश आले असतील, उदाहरणार्थ बांधकाम पाडण्याचे, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करावं लागतं. पुरेसं कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यापुढे नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीचं पीठ पुण्याला आहे.

अधिकारच नसताना अट घातली असेल, किंवा तुमचं म्हणणं न ऐकता हक्कावर घाला आला असेल, तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गकरांना त्यासाठी आता मुंबई गाठायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच या दोन्ही जिल्ह्यांसाठी सुरू झालंय. मात्र कायद्याने अपिलाची सोय असताना ती न वापरता थेट उच्च न्यायालयात गेलात, तर बहुधा 'आधी अपील करा' असंच ऐकावं लागेल, आणि तोवर अपिलाची मुदत गेलेली असेल.

गोव्यातल्या वाचकांसाठी नगरनियोजनाचे कायदे वेगळे आहेत, पण सीआरझेड तेच. खाजण जमिनींवर तर अधिसूचनेने बांधकामाला मज्जावच केला आहे.

कागद असे जमवा

आदेश हातात पडला त्या दिवशी त्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहा आणि पाकीट जपून ठेवा. पाकिटावरचा टपालाचा शिक्का मुदतीचा पुरावा असतो.

मूळ फाइलसाठी माहितीच्या अधिकारात अर्ज करा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, आणि उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. फाइलवरच्या टिपण्या मागा, स्थळपाहणीचा अहवाल मागा. कित्येकदा पाहणी अहवालात एक माप असतं आणि आदेशात दुसरं. माहितीची वाट पाहत अपिलाची मुदत मात्र घालवू नका. आधी अपील दाखल करा, कागद मागाहून जोडा.

भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्दीची मोजणी करून घ्या. मंजूर किनारा आराखड्यात गावपातळीचे मोठ्या प्रमाणमापाचे नकाशे असतात. त्यावर तुमचा गट नंबर आणि भरतीरेषा एकत्र दिसते. मोजणी नकाशा आणि तो नकाशा शेजारी ठेवा. तुमच्या अपिलातलं सगळ्यांत वजनदार पान हेच असेल.

स्वतःच्या राहण्यासाठीचं घर ३०० चौरस मीटरपर्यंतचं असेल तर २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे स्थानिक प्राधिकरणच मंजुरी देऊ शकतं. किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. तरीही 'मुंबईहून ना-हरकत आणा' अशी अट दिसली, तर ही तरतूद दाखवा. ते घर नियमांत बसतं का, हे तपासण्याची जबाबदारी मात्र स्थानिक प्राधिकरणावर राहतेच.

परवानगीचा आदेश स्वीकारतानाच लेखी कळवा की अट क्रमांक अमुक आम्हाला मान्य नाही, तिच्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क राखून आम्ही हा आदेश स्वीकारत आहोत. असं पत्र नसेल तर 'फायदा घेतलात, आता अटीला नावं ठेवता येणार नाहीत' असं समोरचा म्हणतो, आणि न्यायालय ते मनावर घेतं. हमीपत्रावर सही मागितली तर त्यातलं प्रत्येक वाक्य वाचूनच सही करा. 'भविष्यात कोणतीही हरकत घेणार नाही' हे वाक्य खोडून घ्या, निदान तुमची हरकत लेखी नोंदवा.

आव्हान प्रलंबित असताना वादातल्या भागात बांधकाम करू नका. केरळमध्ये मरडू इथे कायलाच्या, म्हणजे तिथल्या खाडीसारख्या पाण्याच्या, काठी बांधलेल्या चार गृहसंकुलांना स्थानिक पंचायतीची परवानगी होती. तरीही सीआरझेडचा भंग झाला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१९ ला ती पाडायला सांगितली आणि जानेवारी २०२० मध्ये ती स्फोटकांनी पाडली गेली. स्थानिक संस्थेचा शिक्का म्हणजे सगळे नियम पाळले गेल्याची हमी नव्हे, हा त्यातला धडा आहे.

मुंबईत आणि परदेशात असलेल्यांना

कोकणातल्या सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं असतात. त्यांतली निम्मी मुंबईत, काही पुण्यात, एखाद-दुसरं दुबईत किंवा लंडनमध्ये. आदेश गावच्या बंद घराच्या दारात येऊन पडतो आणि गणपतीला घर उघडल्यावर सापडतो. तोवर अपिलाचे दिवस सरलेले असतात. म्हणून अर्ज करतानाच पत्रव्यवहारासाठी असा पत्ता द्या, जिथे रोज माणूस असतो. मोबाईल आणि ईमेल लिहा. एका विश्वासू हिस्सेदाराला नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र द्या. परदेशात असाल तर तिथल्या भारतीय वकिलातीत ते करता येतं. भावकीचे वाद असतील तर ते बाजूला ठेवून या एका कामापुरत्या सगळ्यांच्या सह्या जुळवा. हिस्सेदारांच्या आपसातल्या विसंगत जबाबांसारखं समोरच्याच्या पथ्यावर पडणारं दुसरं काही नाही.

पैशाअभावी थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, दिव्यांगांना आणि पूरग्रस्तांना मोफत वकील मिळू शकतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही. सातबाऱ्यावर आईचं किंवा वहिनीचं नाव असेल तर त्यांच्या नावाने अर्ज करा.

आणि एकट्याने लढू नका. तीच चुकीची अट तुमच्या शेजाऱ्यालाही लागली असेल. ग्रामसभेत विषय घ्या, आदेश एकत्र मांडून बघा. एकाच मसुद्यातून उतरलेल्या अटी चार आदेशांत सापडल्या, तर चौघांनी मिळून दिलेला अर्ज टाळणं कठीण जातं. किनारा आराखड्याच्या मसुद्यावर हरकती मागवतात तेव्हाही जनसुनावणीला जा. भरतीरेषा नकाशावर चुकीची उमटली तर पुढची कित्येक वर्षं प्रत्येक घराच्या आदेशात ती चूक येत राहते. ती तिथेच दुरुस्त करणं सगळ्यांत स्वस्त आणि सोपं.

अपील करणं म्हणजे सरकारशी वैर धरणं नव्हे, आणि ते करणारा माणूस विकासाच्या किंवा पर्यावरणाच्या आड येत नाही. अट घालण्याचा अधिकार ज्या कायद्याने अधिकाऱ्याला दिला, त्याच कायद्याने ती तपासून घेण्याचा अधिकार तुम्हाला दिला आहे. त्यातला एक वापरला जातो आणि दुसरा कपाटात पडून राहतो, म्हणून मनमानीला जागा मिळते.

तेव्हा आज संध्याकाळी आदेश बाहेर काढा. घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवा आणि पहिल्या अटीपासून शेवटच्या अटीपर्यंत मोठ्याने वाचा. जी अट योग्य आहे ती पाळायचं ठरवा. जी पटत नाही तिच्यासमोर कारण लिहा. मग आदेश मिळाल्याची तारीख बघून दिवस मोजा, आणि मुदत शिल्लक असेल तर उद्याच अर्ज टाका.